चि. बाळूस

गावभाग, सांगली

चि. बाळू यास आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर रडलास आणि मधेच ठेवून दिलास. परत लावला तर उचलला नाहीस, म्हणून लिहायला बसले. इतकं सगळं मला फोनवर बोलता आलंही नसतं.

आधी बाबांचं सांगते. तुझं आणि त्या इराणी मुलाचं कळल्यावर ते महिनाभर गप्प होते. परवा जेवताना आपणहून वळिवड्याचा विषय काढला. कोल्हापूरच्या गाडीत ते स्टेशन लागतं ना, तिथे १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं. त्यातली एक मुलगी कोल्हापूरकडच्याच घरात सून होऊन राहिली म्हणे. एवढं सांगून म्हणाले, "भात वाढ." आता यातून काय समजायचं ते तू समज. मी तरी होकारच समजले.

तेव्हा आमची काळजी तो मुलगा आहे किंवा इराणचा आहे, याची नाही. मावशी अजून स्थळं आणते, तिला मी बघून घेईन. काळजी आहे ती तू त्या रात्री त्याला जे बोललास त्याची. पिऊन आलास आणि म्हणालास, "घर माझं आहे, नीघ इथून." सकाळी माफी मागितलीस म्हणतोस. पण बाळू, तू नीघ म्हटल्यावर तो जाणार कुठे? तुझं बर्लिनमध्ये बिनसलं तर मुंबईचं विमान आहे, पुढे स्टेशनावर बाबा स्कूटर घेऊन उभे असतील. जर्मनीने त्याला निर्वासित म्हणून पासपोर्टऐवजी दिलेल्या त्या निळ्या पुस्तकावर व्हिसा मिळेल तिथे जाता येईल, फक्त इराणला त्याच्या आईकडे जाता येणार नाही. तिकडे या प्रेमाला कायद्याने फाशीसुद्धा होऊ शकते.

२०१९ च्या पुरात आपण विश्रामबागेत आत्याकडे होतो, आठवतं? तू सुट्टीवर आला होतास. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आत्या जीव लावणारी, कधी एका शब्दाने दुखावलं नाही. तरी मी गॅस पेटवायच्या आधी विचारायची, आंघोळीचं पाणी अर्धी बादलीच घ्यायची, आणि रात्री खोकला आला तर तोंडात पदर कोंबायची. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता, पण आपल्या घरात मी मोठ्याने खोकले. तो मुलगा तुझ्याकडे कसा राहतो, बघितलंस का कधी? व्हिडिओवर मी बघते. तू खुर्चीत, तो नेहमी दाराजवळच्या स्टुलावर.

तूच सांगितलंस, जर्मनीत आश्रय मागताना मुलाखतीत त्याला तासन्‌तास विचारलं की तू खरंच तसा आहेस कशावरून. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये निदान खासगी क्षणांचे व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला मनाई केली, हे मी वाचलं. वाचून बरं वाटलं आणि लाजही वाटली, की हे कोर्टाला सांगावं लागतं. आता तू पिऊन त्याला विचारतोस, माझ्यावर प्रेम आहे की व्हिसासाठी राहिलास? अरे, त्याच्याकडे त्याचे स्वतःचे कागद आहेत. तुझी नोकरी गेली, तुझा व्हिसा लटकलाय, आणि संशय त्याच्यावर?

नोकरी गेल्याचं आमच्यापासून चार महिने लपवलंस, त्यावर मी काही बोलत नाही. मिळेल दुसरी. पण तुझी दारू सोडवायचं काम त्याच्यावर टाकू नकोस. तो तुला सांभाळायला आलेला नाही, त्याला स्वतःची झोप नाही म्हणतोस. डॉक्टरची वेळ घे, एकट्याने जा.

लग्नाचं एवढ्यात मनात आणू नकोस. जर्मनीत दोन पुरुषांना २०१७ पासून करता येतं, इथे १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते संसदेवर सोडलं. इथलं होईल तेव्हा होईल. पण भांडण मिटवायला म्हणून लग्न करू नये, मग मुलगी असो की मुलगा.

त्याआधी एक कर. घरमालकाशी बोल आणि भाडेकरारावर त्याचंही नाव घाल. किल्ली त्याच्याकडे आहेच, पण कागदावर नाव असू दे. म्हणजे पुन्हा कधी भांडलात तर नीघ म्हणायची सोय तुला राहणार नाही. घरमालक काय म्हणाला ते मला कळव, आणि येत्या रविवारी फोन त्याच्याकडे दे. माझं इंग्रजी तोडकंमोडकं आहे, त्याचंही तसंच आहे म्हणालास. भागेल आमचं.

तुझी,
आई