नळी काढायची तारीख

मु. नंदगड, ता. खानापूर

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवला आणि मग झोपच लागली नाही. पहाटे धार काढून झाल्याबरोबर लिहायला बसले. फोनवर निम्मं राहून जातंय. कागद असला म्हणजे परत काढून वाचता येतो.

मामंजींची पित्ताच्या नळीतली दुर्बीण नीट झाली, खडा निघाला, आज-उद्या निपाणीला घरी आणणार, हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण तू म्हणालीस, "आत एक प्लॅस्टिकची नळी ठेवलीय म्हणे," आणि लगेच दुसऱ्या विषयाला गेलीस. माझी झोप गेली ती त्या एका वाक्यानं.

बाबांचं गेल्या वर्षीचं दुखणं तुला मी पूर्ण सांगितलं नव्हतं. तुझे दिवस भरत आले होते, उगंच घोर नको म्हणून. त्यांनाही दसऱ्यात अशीच नळी घातली होती. घरी आणताना हातात दोन पानी इंग्रजी कागद दिला. तीन महिन्यांत नळी काढायला या, एवढी एक ओळ खाली शेवटी होती. ती कुणी वाचून दाखवली नाही, आणि मीही विचारलं नाही. पंधरा दिवसांत डोळ्यांतली कावीळ उतरली, भूक लागली, हे मळणीला उभे राहिले. कागद ट्रंकेत गेला. संक्रांत झाली, कुणाच्या ध्यानातसुद्धा नाही.

शिमग्याच्या आदल्या रात्री हुडहुडी भरली. तीन गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती. आम्हाला वाटलं, पाणी बदललं असेल, हवेचा ताप असेल. दोन दिवस तापाची गोळी देत बसलो. गोळीनं ताप उतरायचा आणि संध्याकाळी परत चढायचा. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, बरगडीखाली दुखायला लागलं आणि बोलणं भरकटलं. त्या रात्री बेळगावला कसे पोचलो ते माझं मला माहीत.

डॉक्टरांनी नंतर काढलेली नळी दाखवली. पेनातल्या रिफिलीएवढी, बोटभर लांब. आत तपकिरी गाळ गच्च बसलेला, फुंकर घातली तरी पलीकडे जाणार नाही असा. प्लॅस्टिकची नळी साधारण तीन महिन्यांत अशी तुंबते म्हणे. मग पित्त अडतं, त्यात जंतू वाढतात आणि ते रक्तात उतरतं. वॉर्डातली कन्नड सिस्टर मला रोज एकच वाक्य ऐकवायची, "चळी ज्वरा बंद्र लगूना बर्री." थंडी वाजून ताप आला तर लगेच या. पहिल्या वेळी एवढं कुणी सांगितलं असतं तर!

म्हणून सांगते, मामंजींना हुडहुडी भरून ताप आला तर गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी गाडी काढा. जावईबापूंनाही हे वाचायला दे.

पहिले दोन दिवस घसा खवखवेल, पोटात वारा धरल्यासारखं वाटेल, त्याला घाबरू नकोस. पण पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ येऊन ती पाठीत गेली, उलट्या थांबेनात, तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. तेव्हा घरात ओवा-सोडा देत बसायचं नाही. शौचाला डांबरासारखं काळं झालं तरी तसंच निघायचं. आत छोटा काप देतात, तिथून रक्त जाऊ शकतं, आणि ते आठ-दहा दिवसांनीही होतं. मामंजी हृदयासाठी रक्त पातळ होण्याची गोळी घेतात ना? ती परत कधी सुरू करायची ते डॉक्टरांच्या तोंडून ऐक, अंदाजानं देऊ नकोस.

डोळे बघायचे ते सकाळी, अंगणात, उन्हाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली काही कळत नाही. लघवी रोज जरा फिकी होत गेली आणि शौचाचा पांढरा मातकट रंग जाऊन पिवळा आला, म्हणजे पित्त वाट धरून खाली उतरतंय. खाज मात्र सावकाश जाते. नखं कापून ठेव, आंघोळ कोमट पाण्यानं घाल, वर खोबरेल लाव.

खायला डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी पेज, मग मऊ भात, मुगाचं वरण, ताक. थोडं थोडं, चार-पाच वेळा. बघायला येणारे कुंद्याचे डबे घेऊन येतील, ते मुलांना वाटून टाक. आणि हळद बंद करू नकोस. सासूबाई म्हणतील पिवळं नको, पण डोळ्यांतला पिवळेपणा हळदीचा नसतो, तो आपल्याच रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडून तयार होतो आणि पित्ताची वाट बंद झाली की अंगात साठतो.

कुणीतरी कावीळीची माळ किंवा झाडपाला आणेलच. साधी कावीळ पुष्कळदा आपोआप उतरते आणि नाव माळेचं होतं. इथं नळीत अडथळा होता, तो पाल्यानं कसा निघणार? माळ घातलीच तर घालू देत, वाद नको. पण पोटात काही देऊ नकोस, यकृत आधीच दमलेलं असतं.

पित्ताशयाच्या पिशवीत अजून खडे असतील तर तिचं ऑपरेशन कधी, हेही आताच विचारून घे. तिथूनच खडे परत नळीत घसरतात. बाबांची पिशवी काढली तेव्हा कुठे आम्ही निर्धास्त झालो.

आता पहिलं काम कर. कागद काढ, नळी काढायची तारीख शोध. लिहिली नसेल तर दवाखान्यात फोन करून विचार. ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिही, जावईबापूंच्या मोबाइलमध्ये घाल आणि मला कळव. मी इथल्या भिंतीवर लिहीन आणि आठ दिवस आधीपासून फोन करीन. मामंजी म्हणतील, "मला काही होत नाही, कशाला परत जायचं?" बाबाही तेच म्हणत होते.

बाबा पुढच्या सोमवारी तिकडे येताहेत. नव्या तांदळाचं पोतं पाठवते, पेजेला चांगला लागतो. बाळाला पापा.

तुझी,
आई