पोटाच्या ओपीडीत एक डायटिशियन बसवा: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री, मध्यप्रदेश शासन, भोपाळ,
सा. न.

हिंदीतली कॉपी पोस्टाने पाठवलीय साहेब. हे मराठीत आपल्या इंदूरच्या लोकांसाठी, रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरातले चार जण वाचतील आणि तुम्हाला टॅग तरी करतील.

मागणी सरळ आहे. सरकारी दवाखान्यात जिथे जिथे पोटाच्या विकारांची ओपीडी चालते तिथे डॉक्टरांच्या बाजूला एक डायटिशियन बसवा, रोज, नुसतं शिबिरापुरतं नको.

माझ्या भाच्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज, व्रण, शौचातून रक्त. औषध बरोबर मिळालं, डॉक्टरांबद्दल तक्रार नाही, त्यांच्या दाराशी एवढी लाइन की बिचारे बोलणार तरी किती. पण खाण्याचं काय विचारलं तर कागदावर एक ओळ: तिखट-तळलेलं बंद, हलकं खा. आता इंदुरात पोह्यांवर सेव, भाजीत सेव, वरणभाताबरोबरही सेव, ती बंद झाल्यावर पोरगं हलकं म्हणून काय खातं, तर टोस्ट, ब्रेड, पॅकेटातला केक, आणि कित्येक महिने तेच. घरचे पण खूश, मसाला नाही ना पोटात जात! वॉर्डात होता तेव्हा सकाळी मिळायचं तेही चहा-टोस्टच.

आपल्याला पचत नाही तो चोथा, म्हणजे फायबर, हे आतड्यातल्या बॅक्टेरियांचं जेवण. ते आंबवून बॅक्टेरिया ब्युटिरेट नावाचं अ‍ॅसिड बनवतात, मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावर चालतात आणि सूज आटोक्यात ठेवायलाही ते लागतं. फायबर मिळालं नाही की हेच बॅक्टेरिया आतड्याचं चिकट आवरण कुरतडायला लागतात, २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात हे दिसलं. केक-आइस्क्रीमच्या पाकिटामागे बारीक अक्षरात बरेचदा ४६६ नंबर असतो, ते एक इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवायला घालतात ते. २०१५ मध्ये त्याने उंदरांच्या आतड्यात सूज वाढलेली दिसली, आणि २०२२ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना ते ११ दिवस दिलं तर बॅक्टेरियांचे प्रकार कमी झाले, ब्युटिरेटसारखी उपयोगी अ‍ॅसिडंही घटली. डोस मोठा होता, मान्य, पण ज्याचं आतडं आधीच सुजलंय त्याला हे कोणी सांगायला नको का?

आयसीएमआर-एनआयएन, म्हणजे देशाची सरकारी पोषण संस्था, म्हणते २००० कॅलरीमागे साधारण ३० ग्रॅम फायबर हवं. मैद्याच्या टोस्टात ते नावाला असतं. (सेववाल्यांची बाजू घेत नाहीये हं, पण त्यात निदान बेसन तरी आहे.)

उलट सगळ्यांना सरसकट ज्वारीची भाकरी आणि कच्ची कोशिंबीर द्या असंही नाही. आजार भडकलेला असताना किंवा आतडं अरुंद झालेलं असताना चोथा कमीच द्यावा लागतो, नाहीतर अडकायची भीती. मग सूज उतरली की हळूहळू वाढवायचा, आधी मऊ शिजवलेला दुधी, मुगाची खिचडी, दलिया, सोसलं तर पुढचं. कोणाला कधी काय, हे पेशंट बघून ठरवावं लागतं, आणि त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, जी डॉक्टरकडे नाहीत. यूट्यूबवर बघून लोक गोळ्या बंद करून नुसत्या ताकावर राहतात, ते तर अजून वाईट, औषध सोडून आहार हा या आजारात इलाज नाही, हे पण त्याच खुर्चीवरून सांगितलं गेलं पाहिजे.

तेव्हा आपल्या दवाखान्यांत डायटिशियनची किती पदं मंजूर आहेत, किती रिकामी आहेत आणि ती कधी भरणार, एवढं जाहीर करा. आणि ती भरेपर्यंत निदान पोटाच्या वॉर्डातला सकाळचा टोस्ट बंद करून ज्यांना चालतो त्यांना दलिया द्या, त्याला काही नवीन पोस्ट लागत नाही.

आपली,
एक इंदूरकर मावशी