बेसमेंटमधून स्पीकर वर आणणाऱ्या काकांना

काका,

हे पत्र मराठीत आहे. माझी मुलगी तुम्हाला वाचून दाखवेल, निम्मं गाळून.

जर्सी सिटीतल्या आमच्या गणपतीच्या आदल्या रात्री साउंडवाल्याने हात वर केले. लेझीमचं पथक तयार, आणि आवाजाचा पत्ता नाही. तुम्ही आमच्या इमारतीची देखभाल करता, एवढीच ओळख. "किती वाजता लागतं?" एवढंच विचारलंत आणि बेसमेंटमधून दोन अजस्र स्पीकर, मिक्सर आणि एक पेटी वर आणलीत. पेटीवर लाल, नारिंगी, पिवळी, पांढरी अशी सोळा बटणं. रोलँड कंपनीचं टीआर-808, ताल वाजवणारं ड्रम मशीन.

वायरी जोडता जोडता तुमची गोष्ट कळली. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधलं बालपण. 1982 मध्ये 'प्लॅनेट रॉक' हे गाणं, पुढच्या वर्षी शॅनन या गायिकेचं 'लेट द म्युझिक प्ले', आणि तुम्हाला वेड लागलं. फ्रीस्टाइल, म्हणजे ते नाचाचं संगीत, कसं चालतं ते तुम्ही टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलंत: किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, अपेक्षित जागी येतच नाही, मधल्या फटीत घंटेसारखी काउबेल आणि लॅटिन ताल शिरतो. आमचा ढोलकीवाला पोरगा लगेच मागोमाग वाजवू लागला. स्वतःची गाणी करताना ब्लेडने टेप कापून तुकडे चिकटवायचात, एकेका शब्दाचे चार. तुमच्या दोन बारा इंची रेकॉर्ड क्लबांत गाजल्या.

मग 1985 च्या जुलैत न्यूयॉर्कच्या डब्ल्यूकेटीयू या रेडिओ केंद्राने नाचाची गाणी सोडून रॉक धरला. हॉट 97 या दुसऱ्या केंद्राने फ्रीस्टाइलला काही वर्षं जगवलं, नव्वदीच्या सुरुवातीला तेही हिपहॉपकडे वळलं. वितरकाने पैसे बुडवले. हे सांगताना तुम्ही हसत होतात. मला नाही जमलं.

घरातलं सगळं विकलंत, 808 ठेवलंत. रोलँडने ते 1983 मध्येच बंद केलं होतं, कारण त्याचा आवाज ज्या सदोष ट्रान्झिस्टरांमुळे यायचा, ते मिळेनासे झाले. आता त्याला हजारो डॉलर मिळतात. भाव विचारणाऱ्याला तुम्ही दार दाखवता, असं ऐकलंय.

मिरवणूक संपेपर्यंत तुम्ही मिक्सरपाशी उभे होतात, साधं पाणीही न मागता. पैसे देऊ केले तर रागावलात. म्हणून हे पत्र. मनापासून आभार.

तुमची लांब लाल वायर आमच्याकडेच राहिलीय. रविवारी आणतो. मोदकही आणतो, आणि यावेळी नाही म्हणायचं नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा