पट्टे पाहून फवारणी नको

मा. संपादक,

दिंडोरी, निफाड, गिरणारे पट्ट्यात टोमॅटोच्या बांधणीसाठी जुने बांबू बाहेर काढले की ‘ढिगात गांधीलमाश्या झाल्यात’ अशी ओरड होते आणि लगेच फवारणीचा पंप पाठीवर चढतो. आधी तो किडा नीट पाहावा, ही कळकळीची विनंती.

पुष्कळदा ती माशी नसतेच. तो असतो बांबू पोखरणारा लांब मिशांचा भुंगेरा. एक-दीड सेंटिमीटर लांब, अंगावर पिवळट लव, तिच्यावर काळी वळणदार नक्षी. त्याच्या पाठीच्या मधोमध सरळ रेघ दिसते. तिथं दोन टणक पंखकवचं एकमेकांना भिडलेली असतात. गांधीलमाशीला कवचं नसतात, कंबर दोऱ्यासारखी बारीक असते आणि बसल्यावर ती पंखांची लांबट घडी घालते. भुंगेऱ्याला नांगीच नाही. एकदा गांधीलमाशीचा डंख खाल्लेला पक्षी तसल्या रंगाच्या वाटेला जात नाही, आणि त्यावरच हा बिनविषारी किडा तगतो. इंग्रज निसर्ग अभ्यासक हेन्री बेट्स यांनी 1862 मध्ये ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून हे सोंग उलगडून दाखवलं. युरोपातला या भुंगेऱ्याचा भाऊबंद तर मिशांची हालचालही गांधीलमाशीसारखी करतो.

नुकसान करते ती त्याची अळी, आणि तीही वाळलेल्या बांबूच्या आत. भुसा ती बोगद्यातच ठासून भरते, त्यामुळे वरून बांबू धडधाकट दिसतो आणि फळांचा भार आला की मोडतो. वरची फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून बांधणीआधी प्रत्येक बांबू दगडावर आपटून पाहावा. बद्द वाजला, भोक दिसलं, तर तो बाजूला काढून जाळावा. भोक म्हणजे एक भुंगेरा उडून गेला, पण आत दुसऱ्या अळ्या असू शकतात.

नवे बांबू ओले असतानाच तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवले तर अळीला लागणारं पिष्ट बरंचसं निघून जातं. पाणी वाहतं हवं, साचलेल्या पाण्यात बांबू काळे पडून वास मारतात. शेडच्या बांबूंसाठी 100 लिटर पाण्यात 2 किलो बोरिक ॲसिड आणि 3 किलो बोरॅक्स विरघळवून ओले बांबू साधारण आठवडाभर बुडवावेत. पेरांमधले आतले पडदे आरपार फोडलेले नसतील तर मेहनत फुकट जाते, कारण बांबूची तुकतुकीत साल द्रावण आत घेत नाही. जमिनीत रोवायच्या बांबूला मात्र हा उपाय करू नये, ओलीत या द्रावणातलं बोरॉन धुऊन जातं.

पट्टे पाहून फवारलं की खऱ्या गांधीलमाश्याही मरतात. त्या पिकावरच्या अळ्या उचलून आपल्या पिलांना भरवतात. बांधावरच्या शेपू-कोथिंबिरीच्या फुलांवर एका जागी तरंगणारी पट्टेरी माशीही मरते. तिला पंखांची एकच जोडी, मिशा आखूड, आणि तिच्या अळ्या मावा फस्त करतात.

बांधणीच्या हंगामाआधी या तिन्ही किड्यांची छायाचित्रं आपल्या शेती पानावर शेजारी शेजारी छापावीत.

– काही टोमॅटो उत्पादक, ता. दिंडोरी, जि. नाशिक