आई, दुसरं वाचन तू करशील का?

भांडुप, मुंबई
दि. ९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीत गावी आले होते तेव्हा बाबांनी ओटीवर विचारलं होतं, "महिन्याला धरून नक्की किती पडतात गं?" मी "मिळतात बरे" म्हणून कप उचलून आत गेले. संगमेश्वरला गाडीत बसल्यापासून पार चिपळूण येईपर्यंत ते मनाला लागून राहिलं. फोनवर हे धड सांगता येत नाही, मध्येच कुकरची शिट्टी होते, कोणीतरी येतं. म्हणून लिहायला बसले.

बाबा, आकडा आधी सांगते. छापण्याआधी मजकूर तपासून देण्याच्या माझ्या या कामातून (प्रूफरीडिंग) गेल्या नोव्हेंबरपासून या ऑक्टोबरपर्यंत ५ लाख ८८ हजार रुपये मिळाले. सरासरी धरली तर महिन्याला ४९ हजार. पण सरासरी सांगून तुमचं समाधान होणार नाही, म्हणून हेही सांगते: मे महिन्यात फक्त १७ हजार आले आणि सप्टेंबरमध्ये दिवाळी अंकांमुळे ८८ हजार. नोकरी सोडली तेव्हा माझा पगार ३१ हजार होता. पहिलं वर्ष मात्र फार ओढगस्तीचं गेलं, महिन्याला १४ हजारांच्या वर काही हातात येत नव्हतं. ते मी तुमच्यापासून लपवलं. दादाकडून दोनदा उसने घेतले होते, ते सगळे फेडलेत. आता सहा महिन्यांचा खर्च निघेल इतके पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेत, त्यांना हात लावत नाही.

पहिल्या वर्षी काम कमी नव्हतं. माझा हिशेब चुकत होता. पानाला १२ रुपये घ्यायचे, सगळे घेतात म्हणून मीही घेत होते. लहानपणी तुम्ही मला कंडक्टरचं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, समजावून सांगितलं होतं, आठवतंय? वडाळा डेपोतून गाडी सुटताना तिकिटांच्या गड्डीवरचा नंबर, शेवटच्या स्टॉपला उरलेला नंबर, आणि मधला फरक म्हणजे बॅगेत असायला हवेत तेवढे पैसे. तशीच एक वही मी घातली. बसताना कितवं पान, उठताना कितवं पान, मध्ये किती वेळ गेला. दोन महिन्यांत उजेड पडला. नीट टाइप केलेल्या पुस्तकाची प्रुफं तासाला दहा पानं होतात. एका निवृत्त गृहस्थांच्या आठवणींचं हस्तलिखित घेतलं होतं, त्याची तासाला चारच पानं होत होती, कारण तिथे नुसते ऱ्हस्व-दीर्घ नव्हते, अर्धी वाक्यं जागेवर आणायची होती. म्हणजे एका कामाचे तासाला १२० रुपये आणि दुसऱ्याचे ४८. लोक मागतात प्रूफरीडिंग आणि हातात देतात संपादनाचं काम. त्यात त्यांची लबाडी नसते, त्यांना हा फरक कोणी सांगितलेलाच नसतो.

आता मी आधी दहा पानं मागवते. पहिली दहा नाहीत, मधली. सुरुवातीची पानं सगळ्यांनी घासूनपुसून ठेवलेली असतात. ती वाचते, वेळ बघते, मग दर सांगते. निम्मे पैसे आगाऊ. दोन वाचनं त्या दरात, तिसऱ्याचे वेगळे. सुरुवातीला हे बोलताना जीभ अडखळायची. पण पदरचे पैसे घालून पुस्तक काढणाऱ्या म्हाताऱ्या लेखकांनाच हे सगळ्यात जास्त पटतं. त्यांना पहिल्याच दिवशी खर्च किती ते कळतं.

बाबा, तुम्ही म्हणाला होतात, तो प्रकाशक १० टक्के कापून घेतो, हा अन्याय आहे. तो टीडीएस आहे, म्हणजे आधीच कापून भरलेला आयकर. एकाकडून वर्षाला ५० हजारांच्या वर पैसे आले की त्यांना तो कापावाच लागतो, माझ्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरलं की जास्तीचा परत मिळतो. जीएसटी मला लागत नाही, त्याची मर्यादा २० लाखांची आहे.

खरा अन्याय दुसऱ्या एकाने केला. नाव लिहीत नाही. माझं जवळजवळ निम्मं काम त्याच्याकडून यायचं आणि चार-चार महिने बिल निघायचं नाही. "या आठवड्यात बघतो." मी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घेतली, तिला पैसे पडत नाहीत. आपल्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असा कायदा आहे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. ते कलम घालून साधं पत्र पाठवलं. पैसे आले. त्यानंतर मी त्याचं काम घेणं बंद केलं. निम्मं काम सोडते म्हणून दादा रागावला होता. पण त्या माणसाचे फोन थांबल्यावर रिकाम्या झालेल्या वेळात मी चार नव्या ठिकाणी नमुना पाठवू शकले, त्यातली दोन आज टिकून आहेत. एक कंपनी आहे, बँकांची आणि विम्याची माहितीपत्रकं मराठीत करते. तिथे शब्दावर पैसे मिळतात. मशीनने केलेलं भाषांतर येतं, "आपल्याद्वारे भरण्यात आलेला हप्ता" अशा थाटाचं, आणि मी ते "तुम्ही भरलेला हप्ता" करते. हे काम मला आवडतं. आईसारखी कोणी बाई पोस्टाच्या बाकावर बसून तो कागद वाचत असेल, तिला तो एका वाचनात कळला पाहिजे.

आता आईशी बोलायचंय.

आई, मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. तुला सांगितली नव्हती. एका जुन्या संस्कृत पाठशाळेची स्मरणिका होती. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला, त्यामुळे 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' आणि 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' झालं होतं, शेकडो ठिकाणी. वेळ वाचवायला मी एका फटक्यात सगळ्या 'र्या'चे 'ऱ्या' करून टाकले. 'कार्यालय'चं 'काऱ्यालय' झालेलं दिसलं, 'पर्याय'ही दिसला, ते सगळे परत फिरवले. दिसले, कारण ते शब्दच नव्हते. पण 'आचाऱ्यांचा सत्कार' हा शब्द आहे. कॉम्प्युटरने त्याखाली लाल रेघ मारली नाही आणि माझी नजर त्याच्यावरून दोनदा गेली. छापलेले फॉर्म, म्हणजे अजून न बांधलेले पानांचे गठ्ठे, आले तेव्हा तिथल्या वयस्कर चिटणीसांनी मला बोलावून घेतलं. ते काही बोलले नाहीत. त्या ओळीवर बोट ठेवून कागद माझ्याकडे वळवला. आचारी हा काही कमीपणाचा शब्द नाही, पण त्या पानावर आयुष्यभर शिकवलेल्या तीन आचार्यांचे फोटो होते. बाइंडिंग व्हायचं होतं म्हणून निभावलं. १६ पानांचा तो फॉर्म मी माझ्या पैशांनी पुन्हा छापून दिला, साडेआठ हजार रुपये गेले. पैशांचं दुःख झालं नाही इतकं त्या बोटाचं झालं.

तेव्हापासून एक कळलंय. एकाच मजकुरावरून दोनदा गेलं की तिसऱ्यांदा डोळा वाचत नाही, मनात असतं तेच त्याला कागदावर दिसतं. दुसऱ्या वाचनाला दुसराच माणूस हवा. आणि काम आता इतकं वाढलंय की दुसऱ्या माणसाला पैसे देणं मला परवडतं. मी दोघांना आजमावलं. दोघेही हुशार, पण नियम पाठ आणि कान नाही.

तू लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्ताच्या आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतेस. शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार, असे अठराही नियम तुझ्याकडून मला फळ्यावर मिळाले. 'बहीण' पण 'बहिणीला', 'दूध' पण 'दुधात'; आणि मग तू थांबून विचारायचीस, मग 'शरीर'चं 'शरिराला' का नाही? अख्खा वर्ग गप्प. "कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलाय." ते थांबणं मला अजून कामाला येतं.

फक्त एक गोष्ट तुला सोडावी लागेल. वर्गात तू सगळंच सुधारायचीस. इथे लेखकाचं वाक्य लेखकाचं राहू द्यायचं. पात्र मालवणी बोलत असेल तर त्याला पुण्याला न्यायचं नाही. चूक नक्की असेल तिथे खूण कर, शंका असेल तिथे समासात नुसतं प्रश्नचिन्ह. बदल मी करीन, लेखकाला विचारून.

पानाला आठ रुपये देईन. "लेकीकडून पैसे कसले" असं म्हणू नकोस. तू ते घेतले नाहीस तर मी तुला उशीर झाला म्हणून बोलू शकणार नाही, आणि मला बोलावं लागेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हटलंय ते लक्षात आहे. अक्षर मोठं करून, ओळींत जागा सोडून प्रिंट काढीन. दिवसाला आठ पानांच्या वर नाही, तीही सकाळच्या उजेडात, पडवीत. जमणार नसेल तर नाही म्हण. मी दुसरं कोणी शोधीन आणि मनात काही ठेवणार नाही. पण पहिल्यांदा तुला विचारावंसं वाटलं.

सोबत १६ पानं पाठवतेय, दोन लाल पेनंही. कामाचीच पानं आहेत, परीक्षा म्हणून काढलेली नाहीत. माझं वाचन झालंय, तरी त्यात काहीतरी राहिलंय अशी मला सारखी शंका येतेय.

बाबा, आईची पानं झाली की देवरुखच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवा. शुक्रवारपर्यंत निघाली तर बरं. पावती फेकू नका, ती खर्चात धरायची आहे.

तुमची,
छबी