पोटरीच्या दुखण्याबद्दल दत्ताला पत्र

फोंडा

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर म्हणालास, "आमच्या घराण्यालाच नसांचा रोग लागलाय, आधी पोरगी, आता मी." ते मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुझ्या पुतणीचं, वृषालीचं दुखणं वेगळं, तुझं वेगळं. दोन्ही धमन्यांचीच, पण दोन्ही एका माळेत ओवलीस तर दोघांचेही उपचार चुकतील.

वृषालीला ताकायासु आहे, म्हणजे धमन्यांच्या भिंतीला सूज. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच महाधमनीवर आणि तिच्या मोठ्या फाट्यांवर उलटते. बहुतेक वेळा तरुण मुलींनाच होतो. मिकितो ताकायासु हे जपानचे डोळ्यांचे डॉक्टर. एका तरुणीच्या डोळ्यातल्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण त्यांना दिसली, ती त्यांनी 1908 साली छापून प्रसिद्ध केली. मनगटाला नाडी न लागणं, दोन हातांचं प्रेशर वेगवेगळं येणं, हे वृषालीचं झालं तसंच या आजारात होतं. तिच्या खाण्यापिण्याचा किंवा जागरणांचा यात दोष नाही. हे तुझ्या भावजयीला ठासून सांग, ती माउली स्वतःलाच बोल लावत बसलीय.

तिचा चेहरा सुजला म्हणून तिची स्टेरॉइडची गोळी सोडून काढा द्यायचं चाललंय म्हणे. कृपा करून तसं होऊ देऊ नका. इतकी वर्षं औषधाच्या काउंटरमागे काढली, म्हणून जीव तोडून सांगतो. गोळी बाहेरून मिळू लागली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. ती एकदम तोडली तर प्रेशर कोसळून जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टर हळूहळू उतरवतात, आणि तो उतरवता यावा म्हणून जोडीला दुसरी औषधं देतात. लग्नाचं म्हणशील, तर आजार शांत असताना, डॉक्टरांशी आधी बोलून या आजारातल्या कितीतरी मुली आई झाल्या आहेत.

आता तुझं. चतुर्थीला गणपतीवरच्या माटोळीला टांगायची कवंडाळाची रानफळं आणायला डोंगर चढलास आणि थोड्या थोड्या अंतरावर बसावं लागलं. चाललं की पोटरीत गोळा, उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत मोकळं, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा तेच. याला वय म्हणू नकोस रे. डायबिटीस आणि बिडी, दोन्ही तुझ्या पदरात आहेत, आणि पायाच्या धमन्या कठीण होऊन अरुंद व्हायला ही जोडी पुरते. नळात गाळ साचावा तसं हे नसतं. चरबी धमनीच्या भिंतीच्या आत शिरते, तिथे गाठोडं होतं, त्यावर चुना धरतो. फाटे फुटतात, वळणं येतात, तिथे जास्त. धमनी बरीच अरुंद होईपर्यंत काही कळतही नाही. आणि पायात झालं म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बघाव्याच लागतात, माझी खरी काळजी तीच आहे.

तपासणी अगदी साधी आहे. उताणं झोपवतात, प्रेशरचा पट्टा दंडाला बांधतात, मग घोट्याच्या वर. पायाला थंडगार जेल लावून पेनासारखं यंत्र टेकवतात. रक्त वाहत असलं की त्यातून सूं सूं आवाज येतो. घोट्याचं प्रेशर भागिले हाताचं, आकडा 0.9 किंवा त्याहून कमी आला तर धमनी अरुंद आहे असं धरतात. मात्र तुझ्यासारख्या जुन्या डायबिटीसवाल्याची धमनी कधी कधी इतकी कडक झालेली असते, की पट्ट्याने ती दबतच नाही आणि आकडा 1.4 च्या वर जातो. जास्त आला म्हणून खूश होऊन घरी येऊ नकोस. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजायला सांग.

बिडी आजच बंद. कमी नव्हे, बंद. तपकीर, गुटखाही नको. कोलेस्टेरॉलची गोळी रिपोर्ट नॉर्मल आला तरी चालू ठेवायची असते. रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. आणि चालणं सोडू नकोस, उलट तेच औषध आहे: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. रोज जमलं नाही तरी आठवड्यातून तीन वेळा, अर्धा-पाऊण तास, निदान तीन महिने. हृदय तपासून घेतल्यावर मात्र. तेल चोळून धमनी उघडत नाही, आणि गरम पाण्यात पाय बुडवणं तर मुळीच नको. डायबिटीसने बधिर झालेल्या पायाला भाजलेलं कळत नाही. दुपारी देवळाच्या तापलेल्या अंगणात अनवाणी प्रदक्षिणा घालतोस, तीही सकाळी घाल. देव रागावणार नाही.

रोज रात्री वहिनींना तुझे तळवे आणि बोटांमधली जागा बघायला सांग. जखम भरत नसेल, बोट काळंनिळं पडलं, झोपेत पाय ठणकू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना. पाय अचानक गार आणि पांढरा पडला तर एक तासही घालवू नका, तडक बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, गोमेकॉत.

मंगळवारी सकाळच्या बसने डिचोलीला येतो. तुझ्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि शुगरचे जुने रिपोर्ट काढून ठेव. आपण दोघं मिळूनच जाऊ.

तुझा,
सुधाकर