'फोर्टी-ऑड' म्हणजे विषम नव्हे

लीड्स, रविवार

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर मी हसले, त्याचा राग धरू नका. बातमीत 'फोर्टी-ऑड' प्रवासी वाचून तुम्ही ४१ की ४३ असा हिशेब मांडून बसला होतात! हा 'ऑड' विषम संख्येचा नव्हे. चाळीस आणि वर थोडे, एवढाच त्याचा अर्थ. 'फोर्टी ऑर सो' मात्र दोन्हीकडे सरकतं, ३८ही चालतील, ४२ही. म्हणजे आपलं 'चाळीसेक'. 'सम फोर्टी पीपल' हेही चाळीसेकच. तुम्ही लावलात तसा 'चाळिसांपैकी काही' हा अर्थ हवा असता, तर मध्ये 'ऑफ द' आलं असतं.

तुमच्या वहीतला 'नो फ्युअर दॅन' माझा लाडका. अर्थ 'ॲट लीस्ट'चाच, किमान. नियमांत तो तसाच कोरडा येतो. पण बोलताना कुणी 'नो फ्युअर दॅन फोर्टी' म्हणालं, की समजावं, आकडा त्याला मोठा वाटतोय. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: तब्बल. आणि 'बेअरली फोर्टी' म्हणजे जेमतेम. तुम्ही उगाच डिक्शनरीत डोकं घालता. शे-दीडशे, दहा-पाच, उणेपुरे हे सगळं तुम्ही जन्मभर बोलत आलात की!

फसवा आहे तो 'क्वाइट अ फ्यू'. त्यात 'फ्यू' दिसतो, पण अर्थ 'बरेच'. पहिल्या वर्षी ऑफिसातली एक जण म्हणाली, वड्यांसाठी 'क्वाइट अ फ्यू' येणार आहेत. मी मोजून बारा वडे नेले. खोलीत पंचवीस माणसं! शेवटी सुरीने अर्धे केले. बटाटेवडा अर्धा करून वाढायचा म्हणजे काय, ते तूच जाण आई.

आता तुझंच. मी ठेवून आलेल्या ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलवर 'अप टू फोर टाइम्स' लिहिलंय म्हणून तू दिवसातून चारदा घेत होतीस, असं बाबा म्हणाले. अगं, 'अप टू' म्हणजे जास्तीत जास्त. चारदा घ्यायलाच हवी असं नाही. एका गोळीने अंग दुखायचं थांबलं, तर दुसरी घेऊच नकोस. पुढे 'ॲट लीस्ट फोर अवर्स' आहे, ते उलट: दोन वेळांमध्ये निदान ४ तास जाऊ दे, सहा गेले तर उत्तमच. एका वेळी फार तर २ गोळ्या आणि २४ तासांत ८ च्या वर कधीच नाही. सर्दीच्या गोळ्यांतही पुष्कळदा हेच औषध असतं, तेही या आठांत धरायचं. तुझ्या बाकीच्या गोळ्यांबरोबर चालते ना, हे डॉक्टरांना उद्याच विचार.

बाबा, सेलच्या पाटीवरचा 'अप टू ७० टक्के'ही तोच. म्हणून तर तुमच्या स्वेटरला १० टक्केच सुटले.

मी डिसेंबरात येतेय, 'अ कपल ऑफ वीक्स'. हे लोक कपल म्हणून तीनही धरतात कधी कधी. माझे मात्र दोनच गं आई, रजाच तेवढी मिळालीय.

तुमची,
छकुली